घरचा बॉडी फॅट सांगणारा काटा : कुठला आकडा धरायचा, कुठला सोडायचा?

चारभिंती (सातारा)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमचा सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारा ग्रुप आहे, त्यात गेल्या वर्षभरात जवळजवळ प्रत्येकाच्या घरी तो काचेचा, स्टीलच्या पट्ट्यांचा, मोबाईलला जोडायचा काटा आलाय. वजन, फॅट, मसल, पाणी, हाडं, व्हिसरल फॅट (पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी), मेटाबॉलिक एज, सगळे आकडे एका दमात. आणि त्या आकड्यांनी लोक हैराण झालेत. आमच्यातले एक जण मंगळाई मंदिरापर्यंत न थांबता चढायला लागले होते, कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, पण ॲपमध्ये फॅट होतं तिथंच, म्हणून त्यांनी यायचंच बंद केलं. मला याचं फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, त्यामुळं काटा आत काय करतो ते माझ्या बाजूनं सांगतो, डॉक्टरी बाजू जाणकारांनी सांगावी.

वजन तो खरंच मोजतो, खाली लोड सेल (दाबावरनं वजन सांगणारे सेन्सर) असतात, त्यात फार शंका नको. बाकीचं बहुतेक सगळं हिशोब करून काढतो. एका पायातनं बारीकसा एसी करंट सोडायचा आणि दुसऱ्या पायातनं परत घ्यायचा. साधारण ५० किलोहर्ट्झ, म्हणजे घरातल्या लाइनच्या हजार पट फ्रिक्वेन्सी, आणि करंट एक मिलीअँपियरच्या आत, म्हणून काही जाणवत नाही. वाटेत किती अडथळा आला, म्हणजे इम्पिडन्स, एवढं एकच नवीन मोजमाप त्याच्याकडं येतं. स्नायूंत पाणी भरपूर असतं, तिथनं करंट सहज जातो, चरबीत पाणी कमी, तिथं अडतो. १९६९ साली हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उंचीच्या वर्गाला इम्पिडन्सनं भागलं की अंगातल्या एकूण पाण्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मग चरबी सोडून बाकीच्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरायचं, त्यावरनं ते वजन काढायचं, एकूण वजनातनं वजा करायचं, उरली ती चरबी. वय आणि स्त्री-पुरुष हे घालून प्रत्येक कंपनी आपापलं समीकरण बनवते.

आता बघा, करंट एका पायातनं वर चढतो आणि ओटीपोटाच्या खालनंच दुसऱ्या पायात उतरतो. छाती, हात, पोटाचा वरचा भाग यांच्याशी त्याची गाठच पडत नाही. म्हणजे एका विहिरीत डोकावून आख्ख्या गावाचं पाणी सांगण्यासारखं झालं. पटत नसेल तर ॲपमध्ये स्वतःची उंची पाच सेंटीमीटर वाढवून परत उभे राहा, वजन तेच राहील आणि चरबी बदलेल. मोजे घालून उभे राहा, वजन येईल आणि बाकी सगळीकडं नुसत्या रेघा.

मग काटा फेकून द्यायचा का? नाही. माझं म्हणणं एवढंच की फॅटचा आजचा आकडा म्हणजे तुमची चरबी नव्हे. रोज एकाच वेळी, एकाच परिस्थितीत उभं राहिलात तर दोन-तीन महिन्यांत रेष कुठल्या बाजूला झुकतेय ते कळतं, तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं. वजनाची आठवड्याची सरासरी बघायची, फॅटची महिन्याची, आणि कमरेला टेप. तुमचे अनुभव लिहा.

रानजाई

बरं झालं धागा काढलात दादा. माझा सकाळी फॅट ३४ येतो आणि संध्याकाळी ३१, मी दुकानात परत द्यायला निघाले होते, मिस्टर म्हणाले थांब जरा. दिवसभर शाळेत उभी असते मी, संध्याकाळी वजन सकाळपेक्षा किलोभर जास्त आणि फॅट मात्र कमी, हे कसं काय?? आणि त्या चार-पाच दिवसांत तर वजन दीड किलोनं वर जातं, तेव्हा बघूच नये का?

चारभिंती

@रानजाई ताई, काटा खराब नाही, परत देऊ नका. दिवसभर उभं राहिल्यावर पाणी पायांत उतरतं आणि काटा पायच वाचतो. पायात पाणी वाढलं की अडथळा कमी, अडथळा कमी की काट्याला वाटतं स्नायू जास्त, म्हणून फॅट कमी दाखवतो. तुमची चरबी तेवढीच आहे सकाळी पण आणि संध्याकाळी पण. याच कारणानं सकाळी अंथरुणातनं उठून थेट काट्यावर जायचं नाही, रात्रभर आडवं असल्यानं पाणी अंगभर पसरलेलं असतं, दहा-पंधरा मिनिटं घरात हिंडायचं, बाथरूमला जाऊन यायचं, मग चहाच्या आधी उभं राहायचं.

अजून एक, थंडीत टाचांना भेगा पडतात आणि पाय कोरडे ठणठणीत असतात, तेव्हा पट्ट्यांना नीट कॉन्टॅक्ट मिळत नाही. ओल्या फडक्यानं तळवे पुसून घ्या. आणि मांड्या उघड्या एकमेकींना चिकटत असतील तर करंटला मधनंच जवळची वाट मिळते, गुडघ्यापर्यंतची पँट असावी. काटा शहाबादीवर नको, खडबडीत असते आणि एक पाय अधांतरी राहतो, टाइल्सवर ठेवा आणि जागा बदलू नका.

मिरजवाली

मी फिजिओथेरपिस्ट, मिरजेत काम करते. चारभिंती यांनी करंटचं छान समजावलंय, मी राहिलेलं लिहिते आणि हे आधी वाचा.

ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी या काट्यावर फॅट मोजायला अजिबात उभं राहू नये. करंट बारीक असला तरी नाही, पेसमेकरवाल्यांसाठी साधा काटा. गरोदरपणात पण फॅटचा मोड वापरायचा नाही, पोटातलं पाणी आणि बाळ या समीकरणात बसतच नाही, बऱ्याच काट्यांत नुसतं वजन दाखवायची सोय असते ती वापरा.

दुसरं, ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे आणि पायांवर सूज येते त्यांच्या बाबतीत फॅटचा आकडा पूर्ण सोडून द्या, पण वजन मात्र रोज बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. घरच्या काट्याचा याच्यापेक्षा मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

@रानजाई, पाळीच्या आधी आणि पाळीत पाणी धरलं जातं, अगदी नॉर्मल आहे. मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करायची, मागच्या आठवड्याशी नाही.

तालमीतला

राम राम. मी कराडकडचा. आमच्याकडं पोरांना काट्याची सवय लहानपणापासनं, कारण कुस्ती वजनगटात असते. खाशाबा जाधव आमच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ आणलं, तेव्हापासनं आमच्या भागात वजनाचं महत्त्व कुणाला सांगाय लागत नाही. पण हा नवीन काटा पैलवानाला लागू पडत नाही बघा. माझा पुतण्या, उंची १७० सेंटीमीटर, वजन ९२, बीएमआय (वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) ३१ च्या वर, ॲप लाल रंगात ‘ओबेस’ लिहितंय आणि पोरगं रोज पहाटे जोर-बैठका मारून लाल मातीत तीन तास लढत करतंय. त्याच्या आईनं ते बघून त्याचं तूपच बंद केलं. वस्तादांनी घरी येऊन समजावलं तेव्हा परत खुराक चालू झाला.

एक विचारायचं होतं, त्यात ‘ॲथलीट मोड’ म्हणून असतंय ते लावलं तर फॅट एकदम सहा-सात टक्क्यांनी खाली येतंय. खरं कुठलं धरायचं?

चारभिंती

@तालमीतला, तो मोड लावला की समीकरणच बदलतं, अंगात स्नायू जास्त आहेत असं आधीच धरून चालतं. तुमच्या पुतण्यासारख्या आठवड्याला दहा तासांच्या वर कसून मेहनत करणाऱ्यांसाठी तो केलेला असतो. आमच्यासारख्या सकाळी तासभर चालणाऱ्यांनी तो लावला तर नुसतं खोटं समाधान. एकदा जो मोड धरला तो बदलायचा नाही, नाहीतर मागच्या नोंदी वाया जातात. आणि पोराच्या तुपाचा निर्णय वस्तादांनीच घ्यावा, ॲपनं नाही.

एमएच_११_रायडर

भावांनो माझा पण किस्सा ऐका. मी जिम लावली तिथं हातात दांडे धरून उभं राहायचं मोठं मशीन आहे, त्याच्यावर पहिल्या दिवशी फॅट २९ आला, घरच्या काट्यावर २३. ट्रेनर म्हणाला घरचं फेकून दे, आमचं खरं, आणि लगेच पर्सनल ट्रेनिंगचं महागडं पॅकेज पुढं केलं. महिन्यानं परत मोजलं ते संध्याकाळी वर्कआउट झाल्यावर, २६ आला, बघ म्हणाला तीन टक्के गेले, पुढचं पॅकेज घे. घरचा काटा तेव्हा पण २३ च दाखवत होता. जिमचं नाव नाही घेत. मला एवढंच कळत नाही की माझी चरबी गेली का नाही गेली??? वजन ८१ चं ८० झालंय. क्रिएटिन (जिमवाले घेतात ती पावडर) पण चालू केलंय त्याच दरम्यान.

मिरजवाली

@रायडर, दांड्यांच्या मशीनमध्ये करंट हातातनं पण जातो, धडातनं पण जातो, त्यामुळं ते जास्त भाग बघतं हे खरं आहे. पण नियम तिथं पण तेच, पहिलं माप वर्कआउटच्या आधी आणि दुसरं नंतर घेतलं तर ती तुलना होऊच शकत नाही. व्यायामानंतर कातडी गरम असते, रक्त स्नायूंत उतरलेलं असतं, घाम गेलेला असतो, आकडा हलणारच. परत मोजायचं तर पहिल्यासारखंच रिकाम्या पोटी, व्यायामाआधी मोजायला लावा, पैसे तुम्ही भरताय.

दोन वेगळ्या मशीनचे आकडे कधीच एकमेकांशी ताडू नका. क्रिएटिननं स्नायूंत पाणी वाढतं, वजन थोडं वर जातं आणि काटा त्याला मसल समजतो. त्यामुळं चालू केल्यानंतरचा पहिला महिना नोंदीतनं बाजूलाच ठेवा. शर्ट छातीत घट्ट आणि पँट कमरेत सैल होत असेल तर तुमचं बरोबर चाललंय.

पेठेतला

सगळं वाचलं. मग माझा साधा प्रश्न असा की फॅट चुकीचं, मसल चुकीचं, व्हिसरल चुकीचं, तर दोन-तीन हजार घालायचे कशाला? आमच्या वडिलांनी जन्मभर रेशन दुकानाच्या काट्यावर वजन केलं आणि ८४ व्या वर्षापर्यंत सायकल चालवली. शिंप्याकडनं टेप आणा, साधा काटा आणा, झालं. रोज आकडे बघून माणसाला आजार लागतो. माझ्या मेव्हणीनं आकडा बघून रात्रीचं जेवण सोडलं आणि चक्कर येऊन पडली. हे काटे घरात नसलेलेच बरे असं माझं ठाम मत आहे.

चारभिंती

@पेठेतला, तुमच्या मेव्हणीबाईंचं वाचून वाईट वाटलं, आणि ज्यांना आकड्याचा त्रास होतो त्यांनी काटा कपाटात ठेवावा हे मला पूर्ण मान्य. पण सरसकट नको हे पटत नाही. साध्या काट्यावर वजन थांबलं की माणूस धीर सोडतो. वजन तेच, पण दोन-तीन महिन्यांत फॅटची रेष सावकाश खाली आणि टेप पण कमी, असं दोन्ही एका दिशेनं गेलं तर तो धीर टिकतो. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर मी टेपचं ऐकतो.

आणि एका रात्रीत काही होत नाही हे कळायला एक हिशोब पुरतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. जत्रेचं मटण-रस्सा खाऊन दुसऱ्या दिवशी ॲप म्हणतं चरबी सव्वा किलो वाढली, म्हणजे रोजच्या जेवणावर साडेनऊ हजार कॅलरी जास्त गेल्या असं झालं, कुणाच्याही पोटात जात नाहीत एवढ्या. ते मिठानं धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न, दोन-तीन दिवसांत उतरतं. उलट बाजूनं पण तेच, भाकरी-भात बंद केला की पहिल्या आठवड्यात दोन किलो जातात आणि लोक पेढे वाटतात, तो स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा असतो, एक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी बांधलेलं, ते गेलं. भात चालू केला की परत येतं आणि मग माणूस खचतो. खचायचं काही कारण नाही.

घाटरनर

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, यवतेश्वर घाटात लाँग रन असतो. मी काटा वेगळ्याच कामाला वापरतो, ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. रनच्या आधी आणि घरी आल्यावर अंग पुसून, त्याच कपड्यांत नको, वजन करायचं. फरक किलोचा आला तर साधारण एक लिटर घाम गेला, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, घाम जाणवत नाही, पण वजन सांगतं. त्यावरनं पुढच्या रनला किती प्यायचं ते ठरवतो. आणि वजन उलट वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त पाणी ढोसलंय, ते पण चांगलं नाही. रननंतरच्या फॅट टक्क्याकडं मी बघतच नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

मी एकसष्ट वर्षांचा, शुगर निघून बरीच वर्षं झाली. हातपाय काटकुळे, बीएमआय २३, सगळे म्हणायचे तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला कशी शुगर. मग कधीतरी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल वाचलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच फोटो छापले होते, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण डेक्सावर (चरबी आणि हाडं मोजणारी एक्स-रे तपासणी) चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. म्हणजे आपल्याकडचा बारीक माणूस आतनं चरबीचा असू शकतो. हे वाचल्यापासनं मी बीएमआयवर विसंबायचं सोडलं.

माझी शंका अशी की हा काटा माझे पाय वाचतो आणि माझे पाय बारीक, चरबी सगळी पोटावर. मग मला तो कमीच दाखवत असणार ना? व्हिसरल फॅट ९ दाखवतो आणि पुढं हिरव्या रंगात बरोबरची खूण. त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवू का?

मिरजवाली

काका, नका ठेवू. तुमची शंका अगदी बरोबर आहे. व्हिसरल फॅटचा आकडा त्याच इम्पिडन्सवरनं, वयावरनं, वजनावरनं काढलेला अंदाज असतो, पोटात डोकावून बघितलेलं नसतं. परदेशातल्या लोकांवर बेतलेली समीकरणं आपल्या अंगाला बरोबर बसतीलच असं नाही. तुमच्यासाठी कमरेची टेप हेच खरं. आपल्याकडं पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात, आणि बीएमआय पण २३ पासनंच जास्त धरतात, पाश्चात्त्यांसारखा २५ नाही.

रानजाई

परत मीच. तुम्ही उंचीचं लिहिलं म्हणून मिस्टरांचं प्रोफाइल उघडून बघितलं. त्यांची उंची ५ फूट १० इंच, त्यांनी फुटाच्या रकान्यात ५.१० टाकलंय आणि ॲपनं ते १५५ सेंटीमीटर करून ठेवलंय! वजन ७८. म्हणून इतके महिने त्यांना लठ्ठ लठ्ठ दाखवत होतं.

चारभिंती

@रानजाई, हे फार जणांचं होत असणार, बरं झालं लिहिलंत. ५.१० म्हणजे त्याला ५.१ फूट कळलं. खरी उंची १७८ सेंटीमीटरच्या आसपास. १५५ धरून बीएमआय ३२ च्या वर येतो आणि खऱ्या उंचीनं पावणेपंचवीसच्या आत. समीकरणात उंचीचा वर्ग आहे, त्यामुळं फॅटचा आकडा पण सगळा बिघडलेला असणार. सगळ्यांनी उंची भिंतीला टेकून, टेपनं मोजून, सेंटीमीटरमध्येच टाका. ग्रुप सोडून गेलेल्या आमच्या त्या मित्राच्या घरी रविवारी जाणार आहे, त्यांचं पण प्रोफाइल बघतो.

रानजाई

सासूबाईंचं पण विचारते, त्या ६८ च्या, काट्यावर ‘बोन मास’ २.१ किलो येतं. हाडं ठिसूळ झालीत का ते यावरनं कळतं का? त्या घाबरल्यात.

मिरजवाली

नाही कळत, त्यांना सांगा घाबरू नका. तो आकडा पण बाकीच्या वजनावरनं काढलेला सरासरी अंदाज आहे, हाडांचा ठिसूळपणा डेक्सा तपासणीतच कळतो, डॉक्टरांना वाटलं तर ते लिहून देतील. या वयात मी चरबीपेक्षा ताकद बघते. भिंतीला टेकलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, हाताची घडी छातीवर, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा, जवळ कुणीतरी थांबा. दर महिन्याला परत करा. आकडा वाढला तर पायांत ताकद येतेय.

तालमीतला

हे खुर्चीचं भारी हाय ताई. आमच्या आईला करायला लावतो.

कृष्णाकाठ (सांगली)

टेप नक्की कुठं धरायची? बेंबीवर की पँट घालतो तिथं? पँट मी पोटाच्या खाली घालतो, तिथं मोजलं तर ८८ येतंय.

मिरजवाली

पँटीच्या जागी नाही काका. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप, कपडा मध्ये नको, पाठीमागं टेप खाली घसरत नाहीये ना ते आरशात बघा. पोट आत ओढायचं नाही, नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि तेव्हाचा आकडा. दोनदा मोजा.

कृष्णाकाठ (सांगली)

मोजली. दोन्ही वेळा ९७. वहीत तारीख घालून लिहून ठेवली, पुढच्या तपासणीला वही घेऊनच डॉक्टरांकडं जातो.